रंगाने दिलेला भर : नजर कुठे न्यायची आणि कशासाठी

रेल्वे फलाटाचा एक फोटो डोळ्यांसमोर आणा. गर्दी आहे, लोखंडी खांब आहेत, चहाचा स्टॉल आहे आणि मधोमध डोक्यावर दोन बॅगा घेतलेला एक हमाल चालला आहे. सगळा फोटो कृष्णधवल, फक्त हमालाचा सदरा लालभडक. असा फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. कदाचित पहिल्या सत्राच्या असाइनमेंटसाठी तुम्ही स्वतः केलाही असेल. लग्नाच्या अल्बममध्ये सदऱ्याच्या जागी नवरीचा शालू येतो, वाढदिवसाच्या फोटोत फुगा येतो, जाहिरातीत ओठ येतात. युक्ती तीच असते आणि विद्यार्थी तिला 'सिलेक्टिव्ह कलर' या नावाने ओळखतात.

पहिल्या नजरेला असा फोटो चांगला वाटतो. डोळा थेट सदऱ्यावर जातो, त्यामुळे 'भर' या तत्त्वाची अट पूर्ण झाली असे आपण मानतो. या टिपणात मला तुम्हाला तिथेच थोडे थांबवायचे आहे. नजर सदऱ्यावर गेली, पुढे काय? हमालाचा चेहरा कसा होता, तो थकलेला होता की हसत होता, हे आठवते का? बहुधा नाही, कारण चेहरा आपणच राखाडी करून टाकला. भर द्यायचा होता माणसावर आणि तो पडला त्याच्या गणवेशावर.

नजर एका जागी नेणे हे रंगाचे निम्मे काम आहे. त्या जागी पोचलेल्या नजरेला तिथे काय मिळते, हा उरलेला निम्मा भाग. पहिले काम सॉफ्टवेअर अर्ध्या मिनिटात करून देते. दुसऱ्याची जबाबदारी मात्र पूर्णपणे संपादन करणाऱ्याची असते. याच कसोटीवर आपण या टिपणात दोन चित्रपट आणि एका साप्ताहिकाचे मुखपृष्ठ तपासणार आहोत. त्याआधी रंगाने भर तयार कसा होतो, ते समजून घेऊ.

1. भर शेजाऱ्यांवर अवलंबून असतो

पॅरिसमधील गोबलँ हा राजाश्रयाचा जुना विणकाम कारखाना. एकोणिसाव्या शतकात तिथल्या रंगाई विभागाची जबाबदारी मिशेल यूजीन शेव्हरूल या रसायनशास्त्रज्ञाकडे होती. काही काळे धागे विणल्यावर फिके दिसतात, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. शेव्हरूल यांनी धागे तपासले. रंगात काही दोष नव्हता. काळ्या धाग्याशेजारी जे निळे-जांभळे धागे विणले जात, त्यांच्यामुळे तो फिका भासत होता. या निरीक्षणातून पुढे त्यांनी रंगांच्या परस्पर-विरोधावर 1839 मध्ये आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला.

हा धडा आज माऊस हातात घेतलेल्या विद्यार्थ्यालाही तितकाच लागू आहे. कोणताही रंग स्वतःहून ठळक नसतो. हमालाचा लाल सदरा राखाडी फलाटावर उठून दिसतो. तोच सदरा नवरात्राच्या मंडपात, लाल-केशरी पताकांच्या गर्दीत हरवून जाईल. म्हणून 'कोणता रंग वापरू' या प्रश्नाआधी 'आजूबाजूला काय आहे' हा प्रश्न विचारावा.

हा विरोध तीन अंगांनी तयार करता येतो:

पहिले अंग ह्यू, म्हणजे लाल, निळा, हिरवा ही रंगाची जात. दुसरे सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा गडद-शुद्धपणा. तिसरे उजळपणा, म्हणजे रंग किती प्रकाशमान दिसतो ते.

विद्यार्थी पहिल्या दोन अंगांकडे लक्ष देतात आणि तिसरे विसरतात. संगणकाच्या पडद्यासाठी जी प्रमाणित रंगव्यवस्था वापरली जाते, तिच्यात पांढऱ्याच्या एकूण उजळपणात लाल रंगाचा वाटा सुमारे 21 टक्के, हिरव्याचा 72 टक्के आणि निळ्याचा 7 टक्के असतो. लाल आणि हिरवा मिळून पिवळा होतो, म्हणून शुद्ध पिवळ्याचा उजळपणा पांढऱ्याच्या सुमारे 93 टक्के भरतो. आता पुन्हा फलाटावर या. हमालाचा सदरा लाल आहे आणि मागे स्थानकाच्या नावाचा पिवळा फलक आहे. दोन्हींचे सॅच्युरेशन सारखेच असले तरी उजेडाच्या बाबतीत फलक सदऱ्याच्या चौपट पुढे आहे. 'लाल रंग सगळ्यात उठून दिसतो' हे ऐकीव वाक्य इथे कोसळते.

यावर एक सोपी चाचणी आहे. आपल्या रंगीत फोटोची एक प्रत काढा आणि ती कृष्णधवल करून पाहा. सदरा आणि मागची भिंत सारख्याच राखाडी झाल्या, तर तुमचा सगळा भर ह्यूच्या एकाच पायावर उभा आहे. लाल-हिरव्यातला फरक कमी जाणवणाऱ्या प्रेक्षकाला तो दिसणार नाही आणि महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लावलेल्या झेरॉक्समध्येही तो उरणार नाही.

2. साधन काय करते

गिम्प हे मोफत सॉफ्टवेअर असो की फोटोशॉप, सिलेक्टिव्ह कलरची रीत साधारण सारखीच असते. मूळ लेयरची प्रत काढतात, वरच्या प्रतीतला रंग काढून टाकतात आणि तिला लेयर मास्क जोडतात. मास्कवर पांढरे असेल तिथे वरचा लेयर दिसतो, काळे असेल तिथे तो लपतो आणि खालचा रंगीत लेयर डोकावतो. मास्कवर काळा ब्रश फिरवला की सदरा पुन्हा लाल होतो. मूळ चित्र पुसले जात नाही आणि चूक झाली तर पांढऱ्या ब्रशने मागे जाता येते.

या रीतीत एक गोष्ट लपलेली आहे, ती नीट पाहा. मास्कला फक्त दोन टोके माहीत आहेत, दाखव किंवा लपव. मधली राखाडी छटा वापरून अर्धवट दाखवताही येते, पण घाईत ती कुणी वापरत नाही. त्यामुळे चित्राचे दोन तुकडे पडतात : महत्त्वाचे आणि बिनमहत्त्वाचे. फोटोतल्या पन्नास माणसांपैकी एक जण रंगीत आणि एकोणपन्नास पार्श्वभूमी. हा निर्णय ब्रशने घेतलेला असला तरी तो निर्णयच आहे आणि त्याचा अर्थ प्रेक्षकापर्यंत पोचतोच.

3. 'मुघल-ए-आझम' : रंगाचे आगमन आणि त्याचे हरवणे

के. आसिफ यांचा 'मुघल-ए-आझम' 1960 मध्ये प्रदर्शित झाला. चित्रपटाचा बहुतांश भाग कृष्णधवल, पण 'प्यार किया तो डरना क्या' हे शीशमहालातले गाणे टेक्निकलरमध्ये. तोवर अनारकलीचे प्रेम कुजबुजीत, पडद्याआड, कैदेच्या धाकात चाललेले असते. या गाण्यात ती भर दरबारात, अकबराच्या तोंडावर ते कबूल करते आणि छतावरच्या शेकडो आरशांत तिचे प्रतिबिंब उमटते. लपवलेले उघड होते नेमक्या त्याच क्षणी पडद्यावर रंग येतो. प्रेक्षकाला कुणी समजावून सांगावे लागत नाही की आता काहीतरी परत न फिरवता येण्याजोगे घडले.

या परिणामामागे थोडा योगायोगही होता. रंगीत चित्रण पाहिल्यावर आसिफ यांना सगळाच चित्रपट पुन्हा रंगीत करायचा होता, पण आधीच वर्षानुवर्षे रखडलेल्या चित्रपटासाठी पैसा लावणारे आणखी थांबायला तयार नव्हते. म्हणजे ज्याला आज आपण नेमका भर म्हणतो, तो काही अंशी अडचणीतून आला. समीक्षा करताना हे लक्षात असू द्या. कर्त्याचा हेतू माहीत असणे उपयोगी असते, पण निकाल पडद्यावर जे दिसते त्यावरूनच द्यावा लागतो.

2004 मध्ये हा चित्रपट संगणकाच्या मदतीने पूर्ण रंगीत करून पुन्हा चित्रपटगृहांत आणला गेला. काम कष्टाचे होते आणि त्याने एका नव्या पिढीला हा चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहायला मिळाला. याचे श्रेय द्यायलाच हवे. पण भराच्या दृष्टीने काय झाले ते पाहा. शीशमहाल आधीही रंगीत होता, आताही आहे. फरक इतकाच की अनारकली तिथे येते तेव्हा प्रेक्षक बराच वेळ रंगच पाहत बसलेला असतो. गाण्यातले रंग जागेवर आहेत, त्यांचे येणे मात्र नाहीसे झाले. शेव्हरूल यांच्या काळ्या धाग्यासारखेच हे. धागा तोच, शेजारी बदलले.

तुमच्या रोजच्या कामात ही चूक वेगळ्या रूपात होते. फोटो फिका वाटला म्हणून तुम्ही सॅच्युरेशनची पट्टी सगळ्या चित्रावर उजवीकडे ओढता. सदरा अधिक लाल होतो, पण फलक अधिक पिवळा, प्लास्टिकची खुर्ची अधिक निळी आणि स्टॉलवरची वेफर्सची पाकिटे अधिक चकचकीत होतात. परीक्षेआधी पुस्तकातली प्रत्येक ओळ हायलायटरने रंगवणाऱ्या मित्राची आठवण काढा. त्याला उजळणीच्या वेळी कुठली ओळ वाचायची ते कळत नाही.

4. 'शिंडलर्स लिस्ट' : कोट लाल, चेहरा राखाडी

स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'शिंडलर्स लिस्ट' 1993 चा. छायाचित्रण यानुश कामिन्स्की यांचे. जवळजवळ सगळा चित्रपट कृष्णधवल आहे. 1943 च्या मार्चमध्ये नाझींनी पोलंडमधील क्राकूव्ह शहरातील ज्यूंची वस्ती रिकामी केली, त्या दृश्यात एक लहान मुलगी गल्लीतून एकटीच चालत जाते. तिचा कोट लाल आहे. टेकडीवर घोड्यावर बसलेला शिंडलर तिला दुरून पाहतो.

वरवर पाहता ही आपल्या हमालाच्या फोटोचीच युक्ती आहे. मग ती इथे का चालते? तीन कारणे सांगता येतील.

एक, भर देऊनही मुलगी चित्रावर ताबा मिळवत नाही. ती चौकटीत लहान आहे, गर्दीतून आणि सैनिकांमधून चालते, नजरेआड होते, पुन्हा सापडते. प्रेक्षकाला तिला शोधत राहावे लागते. तो लालही जाहिरातीतल्यासारखा झगझगीत नाही, दबलेला आहे.

दोन, रंगामागे कुणाची तरी नजर आहे. शिंडलर तिला पाहतो म्हणून आपण तिला पाहतो. तोवर नफ्यातोट्याचा हिशेब करणाऱ्या या माणसाला गर्दीत प्रथमच एक जीव वेगळा दिसतो. स्पीलबर्ग यांनी या कोटाबद्दल आणखी एक अर्थ सांगितला आहे : ज्यूंचा संहार लाल कोटातल्या मुलीइतका उघड दिसत होता, तरी सत्तेवरच्यांनी तो थांबवण्यासाठी काही केले नाही.

तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, तो रंग परत येतो. पुढे पुरलेली प्रेते उकरून जाळली जात असताना एका गाड्यावर तो लाल कोट दिसतो. पहिल्या दृश्यात रंग कोटाला दिला होता, चेहऱ्याला नाही. आपण तिला कोटावरूनच ओळखत होतो आणि म्हणूनच इथे क्षणात ओळखतो. हमालाच्या फोटोत जो दोष होता, कपडा रंगीत आणि माणूस राखाडी, तोच इथे अर्थ झाला आहे. दुरून पाहणाऱ्याला माणसाची ओळख तेवढीच उरली होती.

या दृश्यावर आक्षेपही घेता येतो आणि तो तुम्ही घ्यायला हवा. हजारो माणसे मारली जात असताना एका मुलीला रंग देणे म्हणजे बाकीच्यांना पार्श्वभूमी करणे नाही का? माझ्या मते आक्षेप खरा आहे, आणि चित्रपट त्याला दुसऱ्या दृश्यात उत्तर देतो. गाड्यावर ती मुलगी पुन्हा त्या राखाडी ढिगाचा भाग होते. रंगाने तिला वेगळे काढले, पण वाचवले नाही. फक्त पहिलेच दृश्य असते तर हा भर भावुक युक्ती ठरला असता.

5. जेव्हा भर माणसावर अन्याय करतो

आता रंग काढण्या-घालण्याऐवजी उजळपणा बदलून दिलेला भर पाहू. जून 1994 मध्ये अमेरिकन फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन याला पत्नीच्या (तेव्हा घटस्फोटित) आणि तिच्या एका मित्राच्या खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. पोलिसांनी काढलेला त्याचा एकच फोटो 'टाइम' आणि 'न्यूजवीक' या दोन्ही साप्ताहिकांनी मुखपृष्ठावर छापला. न्यूजवीकने तो जवळजवळ जसाच्या तसा ठेवला. टाइमच्या 27 जूनच्या अंकावर चित्रकाराने संस्कारित केलेली आवृत्ती होती. तिच्यात त्वचा बरीच काळी केलेली होती आणि कडा अंधारात बुडवल्या होत्या.

दोन्ही अंक स्टॉलवर शेजारी-शेजारी लागले आणि फरक कुणालाही दिसला. खटला उभा राहण्याआधीच एका कृष्णवर्णीय माणसाला अधिक काळा आणि अधिक भयंकर दाखवले, अशी कडक टीका झाली. संपादकांना खुलासा करावा लागला. कलात्मक दृष्ट्या ते मुखपृष्ठ परिणामकारक होते, यात शंका नाही. दोष तिथेच होता. काळोख वाढवून 'इथे पाहा' एवढेच सांगितले गेले नाही, 'हा गुन्हेगार आहे' हेही सांगितले गेले. सांगण्याचा अधिकार नसलेली गोष्ट पट्टीच्या एका हालचालीने सांगून झाली. पुढच्या वर्षी ज्यूरीने त्या खटल्यात त्याला निर्दोष ठरवले. पण निकाल उलटा लागला असता तरी ते संपादन चूकच राहिले असते.

अमेरिकेतल्या या उदाहरणाने आपण निर्धास्त होण्याचे कारण नाही. आपल्याकडे हीच पट्टी उलट्या दिशेने फिरते. लग्न जुळवण्यासाठी पाठवायच्या फोटोत मुलीचा चेहरा 'जरा उजळ' करून देणे हे अनेक स्टुडिओंत न विचारता होणारे काम आहे. त्यामागेही भराचेच कारण दिले जाते : चेहऱ्याकडे लक्ष जायला हवे. पण चेहऱ्यावर उजेड वाढवणे आणि माणसाचा वर्ण बदलणे यांत फरक आहे. तो ओळखायची साधी खूण सांगतो. संपादनानंतर चेहऱ्याची मान आणि हातांशी तुलना करा. चेहरा गव्हाळाचा गोरा झाला आणि हात तसेच राहिले, तर तुम्ही भर दिलेला नाही. त्या मुलीला तिच्याच त्वचेबद्दल काहीतरी सुनावले आहे. उद्या अशा संगणकासमोर तुमच्यापैकीच कुणीतरी बसणार आहे, म्हणून हे इथे स्पष्ट लिहिले.

6. पुन्हा फलाटावर

मग हमालाच्या फोटोचे काय करावे? सगळा रंग काढून टाकण्याऐवजी स्पर्धक रंग शोधा. पिवळा फलक आणि निळी खुर्ची यांचे सॅच्युरेशन तेवढ्या भागापुरते उतरवा, शून्यावर मात्र नेऊ नका. पार्श्वभूमीचा उजळपणा किंचित कमी करा. सदऱ्याला हात लावू नका. तो मुळातच प्रवाशांना दुरून दिसावा म्हणून लाल आहे. बॅगांची सावली चेहऱ्यावर पडली असेल, तर डोळे वाचता येतील इतकाच उजेड वाढवा, वर्ण तोच ठेवा. मास्कच्या कडा मऊ करा, म्हणजे संपादनाची रेघ दिसणार नाही. आता नजर आधी सदऱ्यावर जाईल आणि तिथून वर, चेहऱ्याकडे सरकेल. कृष्णधवल प्रत काढून चाचणी करायला विसरू नका.

ही रीत वेळखाऊ आहे आणि तिचा परिणाम पहिल्या क्षणी सिलेक्टिव्ह कलरइतका धक्का देत नाही. वर्गात दहा फोटो एका पाठोपाठ दाखवले तर कदाचित टाळ्याही त्या दुसऱ्यालाच मिळतील. दोन्ही फोटो आठवडाभर भिंतीवर लावून पाहा आणि कोणता टिकतो ते स्वतः ठरवा.

स्वाध्याय

1. तुमच्या मोबाइलमधला गर्दीचा एक फोटो निवडा. संपादन करण्याआधी एका वाक्यात लिहा : नजर कुठे जावी आणि तिथे प्रेक्षकाला काय कळावे? वाक्याचा दुसरा भाग लिहिता येत नसेल तर फोटो बदला.

2. त्याच फोटोच्या दोन आवृत्त्या करा. पहिलीत फक्त एक वस्तू रंगीत ठेवा. दुसरीत रंग न काढता केवळ शेजारचे रंग दबते करा. फोटो माहीत नसलेल्या मित्राला प्रत्येकी पाच सेकंद दाखवा आणि काय पाहिले ते विचारा. उत्तरात वस्तूचे नाव येते की माणसाचे, याची नोंद करा.

3. 'मुघल-ए-आझम'मधले शीशमहालाचे गाणे, त्याआधीच्या काही प्रसंगांसह, 1960 च्या आणि 2004 च्या अशा दोन्ही आवृत्त्यांत पाहा. रंगाचे आगमन हरवल्यावर दृश्यात दुसऱ्या कशाने भर टिकून राहतो? आरसे, संगीत, पात्रांच्या जागा यांचा विचार करून तीनशे शब्दांत लिहा. या टिपणातले मत चुकीचे वाटले तर तसे सकारण लिहा.